बिनशिक्क्याचं कार्ड

सोमवार, ४

शाळेच्या पत्रकाचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. पालकांच्या बैठकीत मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिकांना मुलं मोठ्या बाई म्हणतात, त्यामुळे आम्हीही) "कोण घेतंय?" असं विचारलं आणि सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघायची हुक्की आली. वर बघत होते ती मी एकटी.

चार पानं, पंधरा दिवसांनी एकदा, सुट्टीतही. कुणाचा दात पडला, कुणाला भाऊ झाला, कुणाची पाण्याची बाटली वर्गात राहिली. यंदा पहिल्या पानावर चित्रसंग्रहालयाची योजना आहे. सुट्टीभर दर बुधवारी शाळेच्या कुटुंबांना तिथे मोफत प्रवेश. तिकीट-खिडकीवर कार्डावर हिरवा शिक्का मिळतो. मुलाने एका चित्राबद्दल लिहायचं आणि कार्डासकट शाळेच्या पेटीत टाकायचं. सगळ्यात चांगलं लेखन पत्रकात पहिल्या पानावर येईल आणि संग्रहालयात त्या चित्राशेजारी महिनाभर लागेल.

निवड माझ्याकडे. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही पडताळणीतल्या. तुमच्या हातून लबाडी सुटायची नाही."

खरं आहे. परवाना कार्यालयात अकरा वर्षं हेच करते. अर्जावरचा फोटो बघायचा, समोरचा माणूस बघायचा आणि मान हलवायची. किंवा नाही हलवायची.

गुरुवार, ७

काल बुधवार. नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी, म्हणून तो आणि ठमी संग्रहालयात जाऊन आले. पहिला शिक्का मिळाला.

"काय पाहिलंस?" मी ठमीला विचारलं.

"चित्रं."

"कसली?"

"भिंतीवरची."

दोघं बापलेक खी खी करून हसले. ठमीच्या फ्रॉकला मागून गवत चिकटलेलं होतं. एवढ्या मोठ्या संग्रहालयात जमीन झाडायला माणसं नाहीत का, कोण जाणे.

तिला लिहायला बसवलं. चार ओळी झाल्या. मी फक्त भाषा थोडी नीट केली. आता सतरा ओळी आहेत.

शनिवार, ९

पेटी उघडली. नऊ लेख. आठ जणांनी घोड्यावर लिहिलंय. घोड्याचं चित्र दारातून शिरल्याबरोबर पहिलं आहे, त्यामुळे कोण किती आत गेलं होतं याचा अंदाज येतो.

नववा लेख तिसरीतल्या एका मुलीचा. ओळखते मी तिला. दोन वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या असतात की भुवया कायम वर. तिने लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून ठेवते:

"चित्रांना पाठ असते. पाठीवर लाकडाची चौकट आणि खिळे असतात. सकाळी काही चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी असतात. वर्गात आम्हाला उभं करतात तशी. तेव्हा कुणाचं चित्र आहे ते कळत नाही. एकाच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलने मांजर काढलंय. पुढच्या बाजूला मिशीवाले मोठे साहेब आहेत. त्यांना माहीत नसेल."

वाचताना हसू आलं, नाकारत नाही. मग टाचणीने लावलेलं कार्ड बघितलं. एकही शिक्का नाही.

म्हणजे हे कुटुंब गेलेलंच नाही. आणि संग्रहालय उघडतं दहाला. "सकाळी" कुठून आलं? समासात लाल पेनने लिहिलं: पडताळणी आवश्यक.

बुधवार, १३

अर्धा दिवस रजा टाकली आणि ठमीला घेऊन स्वतः गेले. तिन्ही दालनं क्रमाने पाहिली. मिशीवाले साहेब आहेत, दुसऱ्या दालनात, चांगले दरवाज्याएवढे. त्यांच्या मागे डोकावायचा प्रयत्न केला तर करड्या कोटातला रखवालदार धावत आला.

"बाई, भिंतीला गाल लावून काय बघताय?"

"याच्या मागे काय आहे?"

"भिंत."

"चित्राची मागची बाजू कधी दिसते का लोकांना?"

"तीस वर्षं इथे उभा आहे," तो म्हणाला, "पुढची बाजू बघणारेच कमी. मागची कोण विचारतो?"

झालं. आणखी काय पुरावा हवा?

तिसऱ्या दालनात एका जागी चित्रच नव्हतं. नुसता खिळा. खाली पाटी: "निळ्या शालीतली स्त्री. दुरुस्तीसाठी काढले आहे." एवढ्या लांबून यायचं आणि खिळा बघायचा.

ठमी सगळीकडे मान वर करून फिरत होती. बाहेर पडताना म्हणाली, "आई, आतून असं असतं होय!" मुलांना तीच जागा दर वेळी नवी वाटते, हीच तर गंमत.

शनिवार, १६

दोन वेण्यांचा दुसरा लेख. पुन्हा बिनशिक्क्याचं कार्ड.

"एक बाई आजारी आहे. ती टेबलावर झोपते. तिने निळी शाल घेतलीय. गालाला कागदाची पट्टी लावलीय कारण रंग पडतोय. चष्म्याच्या मावशी काडीला कापूस लावून तिचं तोंड पुसतात. थुंकी लावून पुसतात, थुंकी सगळ्यात चांगली असते. सोमवारी कपाळ झालं. मंगळवारी कान झाला. कानामागे चित्रकाराच्या अंगठ्याचा ठसा सापडला. मावशी म्हणाल्या, आता हे आपल्या दोघींनाच माहीत."

आता मात्र हद्द झाली. संग्रहालयातल्या चित्राला थुंकी! सोमवारी संग्रहालय बंद असतं. पाटीवरचं नाव कुणाकडून तरी ऐकायचं आणि बाकीचं मनाने रचायचं. बरं, रचलंय इतकं बेमालूम की ते पोरीचं वाटत नाही. घरातलं कुणीतरी मोठं माणूस सांगतंय आणि ही लिहितेय. स्वतःच्या मुलांसाठी लोक कुठल्या थराला जातील सांगता येत नाही.

ठमीचा लेख पुन्हा वाचला. शेवट थोडा फुलवला.

मंगळवार, १९

शाळेच्या नोंदवहीतून पत्ता घेतला. वडील नाहीत. आईच्या व्यवसायासमोर "खाजगी नोकरी". हे दोन शब्द रोज बघते मी. ज्यांना सांगायचं नसतं ते हेच लिहितात.

दुपारी तीनला गेले. जिना चढून दुसरा मजला. आईने दार उघडलं ते डोळे चोळतच. दुपारी तीनला झोप! एकच खोली, पण आरशासारखी. फिनाइलचा वास. दोरीवर करड्या रंगाचा कोट वाळत होता. हात बघितले तिचे, बोटांना चिरा.

"मी ठमीची आई. पत्रक बघते. तुमच्या मुलीच्या लेखाबद्दल आले होते."

ती एकदम जागी झाली. "कुठला लेख?"

म्हणजे आईलाच पत्ता नाही! निदान तसं दाखवलं तरी. मी दोन्ही कागद पुढे केले. ती एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत गेली आणि वाचता वाचता चेहरा पांढरा पडला.

"ताई, हे छापू नका."

"का बरं?"

"पोर आहे. काहीतरी लिहिते. नका छापू."

"तुम्ही संग्रहालयात गेला होता का?"

"नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

तेवढ्यात मोरीतून मुलगी बाहेर आली, वेण्या सोडलेल्या. "आई, खोटं कशाला..."

"गप बैस!"

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी कागद परत मागितले. आई देईना. दोन वेळा मागावे लागले.

इतक्या वर्षांत इतकं उघड अपराधी तोंड पाहिलं नव्हतं.

गुरुवार, २१

संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना पत्र पाठवलं. "सोबत जोडलेल्या वर्णनाप्रमाणे काही आपल्याकडे आहे काय, याचा खुलासा व्हावा." दोन्ही लेखांच्या प्रती, मुलीची इयत्ता, शाळेचा शिक्का. सरळ आणि स्वच्छ पत्र झालं.

नवऱ्याला वाचून दाखवलं.

"अगं, आठ वर्षांची पोरगी आहे ती. परवान्याचा अर्ज नाहीये."

"खोटं ते खोटं."

"आवडलं नाही तर छापू नकोस. विषय संपला."

"आवडलंय!" मी म्हणाले. "तोच तर प्रश्न आहे. सगळ्यांत तेच चांगलंय. खोटं निघालं तर पहिल्या पानावर कसं घेऊ?"

तो चष्मा पुसत बसला. त्याचा चष्मा स्वच्छच होता. हल्ली बुधवारचा विषय निघाला की तो असंच काहीतरी पुसायला घेतो.

शुक्रवार, २९

उत्तर आलं. उभ्यानेच वाचलं.

"आपण पाठविलेली वर्णने तंतोतंत जुळतात. चित्राच्या मागील मांजराची नोंद केवळ आमच्या दप्तरी आहे. निळ्या शालीतील स्त्रीच्या कानामागील ठसा तर याच महिन्यात आढळला असून अद्याप जाहीर केलेला नाही. दुरुस्तीच्या खोलीत बाहेरच्या व्यक्तीस सक्त मनाई आहे. चौकशीअंती सदर विद्यार्थिनी ही आमच्या पहाटेच्या सफाई कामगाराची मुलगी असल्याचे समजते. सदर कामगारास सोमवारपासून कामावर न येण्यास कळविले आहे. सतर्कतेबद्दल आभार."

मी पहिल्यांदा काय वाचलं असेल? "तंतोतंत जुळतात." म्हणजे कुठून तरी चोरलंय, असंच मनात आलं. तेही एकदा नाही. चहा टाकला, उतू गेला, तोवर तेच मनात.

मग करडा कोट आठवला. दुपारची झोप. फिनाइल.

मुलगी पहाटे एकटी घरी कशी राहणार? आई तिला कामावर घेऊन जाते. दहाला दारं उघडतात तेव्हा या दोघी निघालेल्याही असतात. खिडकी बंद, तर शिक्का कोण मारणार?

अकरा वर्षं. कोट समोर वाळत होता.

शनिवार, ३०

गेले. दार अर्धंच उघडलं.

"आता काय तपासायचं राहिलं, ताई?"

"मला माहीत नव्हतं."

"विचारायचं होतंत."

"विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मग काय हो म्हणू? कोण तुम्ही माझ्या?" आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं काम करतेय. एक काच फुटली नाही माझ्या हातून. पोरीला घरी ठेवून बघितलं दोन वेळा. दोन्ही वेळा जिन्यात बसून होती, मी येईपर्यंत. तिथे निदान डोळ्यासमोर असते. त्या चष्म्याच्या बाई सातला येतात, स्टूल देतात तिला. कुणाचं काय बिघडलं?"



मुलगी आतून म्हणाली, "मी लिहिलं म्हणून झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "मी पत्र लिहिलं म्हणून झालं."

"पण तुम्हाला खोटं वाटलं ना? मग मी खरं आहे म्हणून सांगते त्यांना."

आईने दार लावून घेतलं.

रविवार, ३१

दिवसभर एकच काम. कागद.

तक्रार मागे घेते म्हणावं तर ती तक्रार नव्हतीच, विचारणा होती. माणुसकी दाखवा म्हणावं तर व्यवस्थापक म्हणतील, नियम नियमच. मी पण रोज हेच म्हणते. त्यांचा मुद्दा एकच: मुलगी पहाटे आईबरोबर आत आली. तोच काढून टाकायचा. मुलगी आत गेली, पण उघड्या वेळात. बुधवारी. कुणाबरोबर तरी. नजर चुकवून त्या खोलीत शिरली. तो कुणीतरी कोण?

नवऱ्याला बोलावलं. "पहिल्या बुधवारी, सहा तारखेला, ती पोरगी तुझ्या आणि ठमीबरोबर आली होती. तुझं लक्ष नव्हतं. ती हरवली, मग सापडली. पुढच्या बुधवारी माझ्याबरोबर पुन्हा. नंतर मला शंका आली म्हणून मी पत्र लिहिलं. कळलं? सही करायचीय."

तो चष्मा काढून पुसायला लागला.

"पुसू नकोस. बोल."

"सहा तारखेला आम्ही आत गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "शिक्का घेतला आणि मागच्या बागेत बसलो. ठमीला पतंग उडवायचा होता."

"आणि नंतरच्या बुधवारी?"

"वीसला पण. सत्तावीसला पण."

ठमी दाराआड उभी होती. "आई, तेराला मी गेले होते ना. तुझ्याबरोबर. खरंच्ची."

माझ्या घरात चार शिक्के आणि एक भेट. तिच्या घरात शिक्का नाही आणि सगळं संग्रहालय पाठ. ठमीचा सतरा ओळींचा लेख, जो मी पहिल्या पानासाठी मनातल्या मनात कधीच धरून ठेवला होता, काढला आणि फाडला. ठमी म्हणाली, "बरं झालं. मला त्यातले शब्दच येत नव्हते."

"शिक्का आहे ना सहा तारखेचा?" मी नवऱ्याला म्हटलं. "मग तू आत गेला होतास. कर सही."

त्याने केली. मीही केली. असा खुलासा माझ्या टेबलावर आला असता तर मी ओळ क्रमांक दोनलाच थांबवला असता. सहा आणि तेरा या दोन दिवसांत मुलीला कपाळही कळलं, कानही कळला? कोण विश्वास ठेवेल?

सोमवार, १

रजा. संग्रहालयाच्या मागच्या दाराशी पावणेसातपासून उभी. चष्म्याच्या बाई आल्या, पिशवी सांभाळत. माझ्याच वयाच्या. चित्रं दुरुस्त करतात. मी कोण ते सांगितल्यावर दाराच्या मुठीवरचा हात तिथेच राहिला.

"पत्रवाल्या बाई तुम्ही?"

"हो."

"आज जमीन कुणी पुसली नाही. धूळ उडतेय. रंग ओला आहे माझा." एवढंच बोलल्या.

मी खुलासा वाचायला दिला. त्यांनी वाचला, दुसऱ्यांदा वाचला.

"दार बुधवारी उघडं कसं राहिलं, असं विचारतील."

"विचारतील."

"मी राहू दिलं. वास येतो औषधाचा, म्हणून उघडते मी." त्यांनी पेन मागितलं. "आणि कानाबद्दल पोरीला मीच सांगितलं, तिने पाहिला नाही, असं घाला. नाहीतर तुमच्या तारखा जुळत नाहीत."

तिथेच, भिंतीवर कागद धरून, मी ती ओळ घातली. मग विचारलं, "थुंकी खरंच लावता?"

"तिने तेही लिहिलंय?" पहिल्यांदा हसल्या. "लावतो. आमच्यात सगळेच लावतात. लोकांना सांगत नाही."

बुधवार, ३

व्यवस्थापकांच्या खोलीत सगळे. ते, चष्म्याच्या बाई, मी, नवरा, मुलीची आई आणि मुलगी. आईला मी काल खुलाशाची प्रत नेऊन दिली होती. तिने उंबऱ्यातच वाचली, बोट धरून. एवढंच विचारलं, "पोरीला पण असंच बोलावं लागेल?" मी हो म्हणाले. तिने मुलीला हाक मारली आणि मला म्हणाली, "मग तुम्हीच सांगा तिला. मला जमायचं नाही."

जिन्यात बसून मी त्या मुलीला शिकवलं. कुठला वार. कुणाबरोबर. किती वेळा. ती सगळं ऐकून म्हणाली, "पण हे तर खोटं आहे."

"हो."

"तुम्हाला चालतं?"

मी म्हणाले, परत एकदा म्हणून दाखव.

व्यवस्थापक माणूस वाईट नाही. खुलासा त्यांनी मी वाचला असता तसाच वाचला, पेन्सिल हातात धरून. दुसऱ्या ओळीशी पेन्सिल थांबली. मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं.

"कुठल्या दिवशी आली होतीस बाळ?"

"बुधवारी. दोनदा."

"कुणाबरोबर?"

"एकदा ठमीच्या बाबांबरोबर. एकदा ठमीच्या आईबरोबर."

"आणि सकाळी कधी? तुझ्या आईबरोबर?"

"आई मला नेत नाही. मी झोपलेली असते."

एकदाही अडखळली नाही. बघत होते मी. पापणीसुद्धा हलली नाही. माझ्यासमोर अशी उभी राहिली असती तर मी मान हलवली असती.

व्यवस्थापकांनी पेन्सिल खाली ठेवली. उद्यापासून आईने कामावर यावं, दुरुस्तीच्या खोलीला यापुढे कुलूप राहील, लहान मुलं मागच्या दाराशी आढळली तर पुन्हा ऐकून घेणार नाही. आणि मग, जरा मऊ आवाजात, मुलीला: "ती निळ्या शालीवाली बरी होतेय हं. पुढच्या आठवड्यात भिंतीवर लावू. तुझा लेख शेजारी लावायचा का?"

मुलीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली नाही.

"नको," मुलगी म्हणाली. "ते मी मनानेच लिहिलं होतं."

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. पहाटे तिला आमच्याकडे ठेवा म्हणाले. ठमी आहे, नवरा घरी असतो, तुमच्या घरापासून अगदी जवळ आहे, काही त्रास नाही.

"नको," आई म्हणाली. "शेजारच्या आजींना विचारलंय."

मुलगी माझ्या बाजूने चालत होती. "मावशी, बरोबर बोलले ना मी?"

"बरोबर बोललीस."

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मुलीचा दंड धरला आणि तिला माझ्या बाजूने उचलून पलीकडे चालवायला घेतलं.